नाव नको, फोड मागा: मराठीच्या प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना खुले पत्र

मराठी विषयाच्या अभ्यासक्रम व प्रश्नपत्रिका समितीचे सन्माननीय सदस्य यांस,
सप्रेम नमस्कार.

यंदा शाळांत आलेली मराठीची नमुना प्रश्नपत्रिका आम्ही वाचली. अलंकार, वृत्त, रस आणि शब्दशक्ती (शब्द अर्थ कसा देतो ते) हा सगळा भाग तिने आठ गुणांच्या आठ पर्यायी प्रश्नांत उरकला आहे. वर एक ओळ, खाली चार नावे, एकावर खूण. पूर्वी निदान लक्षण, म्हणजे व्याख्या, लिहायला सांगत. ते पाठ करूनच लिहिले जाई, पण हात लिहीत असे. आता तेवढेही राहिलेले नाही.

आम्ही गोव्यातल्या फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे भागांत मराठी शिकवणारे शिक्षक आहोत. समितीला वेगळे पत्र दिलेच आहे. उघड लिहितो आहोत ते पालकांनी आणि इतर शाळांतल्या सहकाऱ्यांनीही वाचावे म्हणून. परीक्षेत जे विचारले जाते तेच वर्गात शिकवले जाते, ही गोष्ट आपल्याला आम्ही सांगायला नको. प्रश्नपत्रिकेने फक्त नाव विचारले की वर्गातही फक्त नावच उरते, आणि कविता बाजूला पडते.

सगळ्यात मोठी तक्रार अलंकारांबद्दलची आहे. या पद्धतीमुळे वर्गावर्गांतून एक तक्ता फिरतो. डावीकडे शब्द, उजवीकडे अलंकार. सम, सारखा, जसा, प्रमाणे, परी, वाणी दिसले की उपमा. जणू, गमे, वाटे, भासे, की दिसले की उत्प्रेक्षा. ‘हून’ आले की व्यतिरेक, ‘नव्हे’ आले की अपन्हुती. मूल ओळ वाचत नाही, ओळीत शब्द हुडकते. ‘तो पणजीहून आला’ यात ‘हून’ आहे आणि ‘हे माझे दप्तर नव्हे’ यात ‘नव्हे’ आहे. अलंकार दोन्हींत नाही. तक्ता पाठ केलेल्या मुलाला हे कळायला काही मार्गच ठेवलेला नाही.

आता गोव्याच्याच मातीतली ओवी घ्या. 1616 मध्ये रायतूरला छापलेल्या फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणातली, मराठीच्या भाषणांत हमखास म्हटली जाणारी:

जैसी हरळांमाजि रत्नकिळा
कि रत्नांमाजि हिरा निळा
तैसी भासांमाजि चोखळा
भासा मराठी

तक्त्याप्रमाणे पहिल्या ओळीतल्या ‘जैसी’ने उपमा ठरते आणि दुसऱ्या ओळीतल्या ‘कि’ने उत्प्रेक्षा. मूल गोंधळते आणि अंदाजाने खूण करते. फोड केली तर गोंधळाला जागाच नाही. उपमेय, म्हणजे जिचे वर्णन चालले आहे ती, मराठी भाषा. उपमाने, म्हणजे जिच्याशी तुलना केली त्या गोष्टी, दोन: खड्यांतले तेजस्वी रत्न आणि रत्नांतला निळा हिरा. साधारण धर्म (दोघांतला समान गुण) चोखळपणा, म्हणजे इतरांत उठून दिसणारे निर्मळपण. साम्यवाचक शब्द जैसी-तैसी. इथला ‘कि’ ‘किंवा’ या अर्थाचा आहे. तो दुसरे उपमान आणतो, कल्पनेची भरारी दाखवत नाही. एकाच उपमेयाला एकाहून अधिक उपमाने आली म्हणून ही मालोपमा. हे चार भाग मुलाने लिहून दाखवले तर शेवटचे नाव चुकले तरी त्याला ओवी कळली आहे. नुसत्या ‘उपमा’ या खुणेवरून आपल्याला काहीच कळत नाही, कारण चारांतला एक पर्याय डोळे मिटूनही लागतो.

साम्यावर उभा असलेला अलंकार म्हणजे उपमेय आणि उपमान यांच्यातले नाते. जोडी तीच ठेवून नाते बदलत नेले की निम्मे अर्थालंकार एका तासिकेत कळतात. दूधसागरचे पाणी आणि दूध ही जोडी घ्या, गोव्यातल्या मुलाला ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. ‘पाणी दुधासारखे शुभ्र आहे’ ही उपमा: दोघे वेगळे, फक्त सारखे. ‘कड्यावरून जणू दूधच ओतले आहे’ ही उत्प्रेक्षा: वेगळे आहेत हे ठाऊक आहे, तरी एक असल्याची कल्पना केली. ‘हे पाणी म्हणजे कड्यावरची दुधाची धार’ हे रूपक: भेद पुसला. ‘हे पाणी नव्हेच, दूध आहे’ ही अपन्हुती: उपमेय नाकारले. ‘दुधाहून शुभ्र पाणी’ हा व्यतिरेक: उपमेय वरचढ ठरले. ‘हे पाणी की दूध?’ असा निर्णय न लागणारा संशय म्हणजे ससंदेह. दूध समजून वासरू धावले तर भ्रांतिमान, कारण तिथे संशयही उरला नाही, खरोखरीची चूक झाली. आणि ‘दूधसागरासारखा दूधसागरच’ हा अनन्वय, उपमेयाला उपमान म्हणून स्वतःखेरीज दुसरे कोणी सापडले नाही.

या शेवटच्या ओळीत ‘सारखा’ आहे. तक्ता म्हणेल उपमा. ससंदेहाच्या ओळीत ‘की’ आहे. तक्ता म्हणेल उत्प्रेक्षा.

रूपकाच्या बाबतीत तर खुणेचा शब्दच नसतो, म्हणून तक्त्यात त्या चौकटीत ‘वरीलपैकी काही नसल्यास’ असे लिहिलेले आम्ही पाहिले आहे! वास्तविक रूपक ओळखायची कसोटी शास्त्रात चोख आहे. पेडण्यातल्या सरकारी महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे त्या सोहिरोबानाथ आंबियांचे भजन गोव्यात घराघरांत म्हणतात: ‘अंतरिचा ज्ञानदिवा मालवू नको रे’. ‘ज्ञानदिवा’ या समासाची फोड दोन प्रकारे होते. दिव्यासारखे ज्ञान म्हटले तर उपमा, ज्ञान हाच दिवा म्हटले तर रूपक. निकाल क्रियापद देते. मालवतात तो दिवा, ज्ञान कोणी मालवत नाही. क्रिया उपमानाशी जुळली, म्हणजे कवीने ज्ञानाला दिवा करूनच टाकले, म्हणून रूपक. तेच ‘ज्ञानदिवा शिकून घे’ असे असते तर क्रिया ज्ञानाशी जुळली असती आणि उपमेकडे झुकावे लागले असते. एवढी देखणी कसोटी हाताशी असताना मुलाला ‘वरीलपैकी काही नसल्यास’ शिकवायचे?

दुसरी तक्रार एकाहून अधिक बरोबर उत्तरे असलेल्या प्रश्नांची. ‘धुक्याची शाल ओढून डोंगर जणू डुलक्या घेतो आहे’ अशा घडणीच्या ओळी पर्यायी प्रश्नांत सर्रास येतात. निर्जीव डोंगर डुलक्या घेतो म्हणून चेतनगुणोक्ती. ‘जणू’मुळे उत्प्रेक्षा. ‘धुक्याची शाल’ हे रूपक. खालच्या चार पर्यायांत यांतले दोन तरी असतातच, आणि उत्तरसूचीत बरोबर मात्र एकच. अलंकार एकत्र येतात हे शास्त्राने केव्हाच मान्य केले आहे. वेगवेगळे ओळखू येतील असे शेजारी बसले तर संसृष्टी, एकमेकांत मिसळून गेले तर संकर. ही नावे शालेय मुलांना नकोत, मान्य. पण ज्या ओळीत तीन अलंकार आहेत तिला एकच बरोबर उत्तर आहे असे मुलाला सांगणे खोटे आहे.

श्लेषाची उदाहरणे तर बदलायलाच हवीत. ‘मित्राच्या उदयाने कोणास आनंद होत नाही?’ हे वर्षानुवर्षे चालत आले आहे. मित्र म्हणजे सूर्य हे ज्याला ठाऊक नाही त्याला त्यात दुसरा अर्थ दिसणार कसा? श्लेष दिसला नाही तर तो पाठच करावा लागतो. त्यापेक्षा ‘पणजी आता थकली, गर्दी सोसवत नाही तिला’ हे वाक्य द्या. शहर आणि आजीची आई, दोन्ही अर्थ गोव्यातले तिसरीतले पोरही हसत सांगेल. त्यानंतर ‘पणजी’च्या जागी ‘राजधानी’ घालून बघायला लावा. एक अर्थ गळतो. प्रतिशब्द घालताच जो मरतो तो शब्दश्लेष, हेही मग वेगळे सांगावे लागत नाही.

आता वृत्त. इथे नुकसान जास्त झाले आहे, कारण वृत्त ही मोजून पाहायची गोष्ट आहे आणि पर्यायी प्रश्नात मोजणीला जागाच नाही. ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ ही ओळ घ्या. आधी अक्षरे सुटी लिहायची: म, ना, स, ज्ज, ना, भ, क्ति, पं, थे, चि, जा, वे. बारा. जोडाक्षर हे एकच अक्षर, त्याचे दोन तुकडे करायचे नाहीत (निम्मी मुले इथेच चुकतात आणि त्यांची ओळ चौदा अक्षरांची होते). मग खुणा. अ, इ, उ, ऋ असलेले अक्षर लघु (ल, एक मात्रा), दीर्घ स्वराचे गुरू (गा, दोन मात्रा), अनुस्वार-विसर्गाचे गुरू. पुढच्या जोडाक्षराचा आघात ज्यावर येतो ते ऱ्हस्व अक्षरही गुरू. म्हणून ‘सज्जना’तला ‘स’ गुरू आणि ‘भक्ति’तला ‘भ’ गुरू. मग तीन-तीनचे गट: मनास, ज्जनाभ, क्तिपंथे, चिजावे. चारही गट लगागा (लघु-गुरू-गुरू), म्हणजे य गण चार वेळा. भुजंगप्रयात.

आघाताचा नियम अर्धाच शिकवला जातो. जोडाक्षराआधीचे प्रत्येक अक्षर गुरू, असे मुले धरून चालतात. ‘तुझ्या’तला ‘तु’, ‘पुन्हा’तला ‘पु’, ‘दुसऱ्या’तला ‘स’ यांवर उच्चारात आघात येत नाही, ते लघुच राहतात. ओळ मोठ्याने म्हणून पाहिल्याशिवाय हे कळायचे नाही. चरणाच्या शेवटी लघु आला तर तो गुरू धरायचा, हेही पुष्कळदा राहून जाते आणि मग शेवटचा गण जुळत नाही.

पण मुलाने सगळे नीट केले तरी काय उपयोग, छापील ओळच मोडकी असेल तर? ‘भक्तीपंथेची जावे’ असे छापलेले आपल्याला सराव पुस्तिकांत सापडेल. ‘क्ती’ दीर्घ केली की तिसरा गट गागागा होतो, ‘ची’ दीर्घ केली की चौथाही. वृत्त कुठलेच राहत नाही. मुद्रितशोधकाने आजचे शुद्धलेखन लावले, एवढाच त्याचा दोष. पण त्याच शुद्धलेखनाच्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे की केशवसुतपूर्वकालीन पद्य मुळानुसार छापावे. वृत्तासाठी कवी घेत असलेले ऱ्हस्व-दीर्घाचे स्वातंत्र्यही नियमांना मान्य आहे. नियम अर्धा वाचून कवितेची मोडतोड करायची आणि तीच ओळ ‘वृत्त ओळखा’ म्हणून द्यायची, हे आम्हाला मान्य नाही.

आर्या या मात्रा मोजायच्या वृत्ताचाही एकदा निकाल लावा. ‘सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची’ मोजली तर 12 आणि 18 मात्रा. ‘ओवी ज्ञानेशाची किंवा आर्या मयूरपंताची’, पुन्हा 12 आणि 18. संस्कृत छंदःशास्त्राप्रमाणे 30-30 मात्रांची ही गीती. आर्येचा दुसरा अर्ध 27 मात्रांचा, म्हणजे 12 आणि 15. मराठीत गीतीलाच आर्या म्हणायची रीत पडली आहे आणि तिला आमचा विरोध नाही. पण एका पुस्तकात आर्या 57 मात्रांची, दुसऱ्यात 60 मात्रांची, आणि उत्तरसूची तिसरीकडून आलेली, असे चालणार नाही. कोणती व्याख्या धरायची ते समितीने छापून द्यावे.

अभंग आणि ओवी यांची गल्लत मात्र सहज टाळता येण्यासारखी आहे. ‘सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनिया’ हा मोठा अभंग. अक्षरे 6, 6, 6, 4, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत. स्टीफन्सच्या ओवीत किळा, निळा, चोखळा असे यमक पहिल्या तिन्ही चरणांत, चौथा आखूड आणि मोकळा, अक्षरसंख्या लवचीक. वास्कोच्या सप्ताहात किंवा गावच्या देवळात मुले अभंग गातातच, कान तयार असतो. एकच सावधगिरी: गाताना अक्षरे ताणली जातात, चरण परत येतात. मोजणी गाऊन करायची नाही, साधे म्हणून करायची.

रसाबद्दल थोडक्यात. दोन ओळींवरून रस विचारू नका. विभाव (भावनेचे कारण), अनुभाव (तिचे बाहेर दिसणारे चिन्ह) आणि व्यभिचारी भाव (येऊन जाणारे भाव) यांच्या संयोगाने रस होतो असे भरताने सांगितले आहे. दोन ओळींत हे तीन मावतील असे क्वचितच घडते. मग मूल ‘अश्रू’ दिसले की करुण लिहिते. प्रियजनाच्या परतीची आशा असेल तर तेच अश्रू विप्रलंभ शृंगाराचे, म्हणजे विरहातल्या प्रेमाचे. शेवट कायमचा असेल तर करुण. तलवार दिसली की वीर लिहितात, आणि स्थायीभाव (मूळची टिकून राहणारी भावना) क्रोध असला तर तो रौद्र, उत्साह असला तर वीर, हे विचारायला कोणी सांगत नाही. पूर्ण कडवी द्या, दहा-बारा ओळी तरी.

शब्दशक्तीच्या प्रश्नांना ‘गंगेवर गवळ्यांची वस्ती’ यापलीकडे उदाहरण कसे मिळत नाही, याचे नवल वाटते. ‘पणजी मांडवीवर वसली आहे’ म्हटले की शहर पाण्यावर तरंगत नाही हे उघड, म्हणजे मुख्य अर्थाला बाध आला. काठ हा त्याच्याशी संबंध असलेला अर्थ घेतला. लक्षणा झाली. ‘पर्वरीने निर्णय फिरवला’ हे तर रोजच्या वर्तमानपत्रातले. गाव निर्णय घेत नाही, तिथे बसणारे सरकार घेते. आणि ‘पाऊस भरून आला’ हे वाक्य भातकापणी करणाऱ्याला, कपडे वाळत घातलेल्या बाईला आणि शाळेत निघालेल्या मुलाला तीन वेगळ्या गोष्टी सुचवते, ती व्यंजना.

तेव्हा आमच्या मागण्या अशा.

आठ गुण तेवढेच ठेवा, प्रश्न आठाऐवजी तीन करा. अलंकाराला 3 गुण: उपमेय-उपमानाला 1, त्यांच्यातले नाते स्वतःच्या शब्दांत सांगण्याला 1, नावाला 1. जिथे उपमेय-उपमान नाही, उदाहरणार्थ अनुप्रास किंवा यमक, तिथे आवर्तन नेमके कुठे आहे ते दाखवण्याला गुण. वृत्ताला 3: लगक्रमाला (लघु-गुरूंच्या क्रमाला) 1, गण पाडण्याला 1, नावाला 1. रस किंवा शब्दशक्तीला 2. गणिताच्या पेपरात पायऱ्यांना गुण असतात, उत्तर चुकले म्हणून सगळे कापत नाहीत. तसेच इथे करा. तपासायला वेळ लागेल ही हरकत आम्हाला माहीत आहे. तपासणारे आम्हीच असतो आणि तो वेळ द्यायला आमची ना नाही.

उत्तरसूचीत ‘समर्थन योग्य असल्यास अन्य अलंकारही ग्राह्य’ हे वाक्य घाला. त्याशिवाय परीक्षक पर्यायी उत्तराला गुण देऊ शकत नाही, कितीही पटले तरी.

जुनी ओळ मूळ आवृत्तीशी ताडल्याशिवाय आणि तिचा लगक्रम पाडून पाहिल्याशिवाय छापू नका. आर्या-गीतीची व्याख्या परिपत्रकाने ठरवून द्या. सगळी नाही, पण निम्मी उदाहरणे तरी गोव्यातल्या कवितेतून आणि गोव्यातल्या बोलण्यातून घ्या. आणि या पद्धतीने सोडवलेला एक तरी नमुना, फोडीसकट, वर्षाच्या सुरुवातीलाच शाळांना द्या. परीक्षेच्या तोंडावर आलेला नमुना फक्त पाठ केला जातो.

पुढल्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिका छपाईला जाण्याआधी समितीने या मुद्द्यांवर लेखी उत्तर द्यावे, अशी विनंती आहे. पद्याच्या ओळींचा लगक्रम तपासून द्यायला आमच्यातले काही जण विनामानधन यायला तयार आहेत. कोणत्या दिवशी कुठे यायचे, एवढे कळवा.

आपले,
गोव्यातील मराठी विषयाचे काही शिक्षक